पेपर संपेपर्यंत

"फुई काय करतेय?" चेतनने नाशिकहून फोनवर विचारलं.

"पापड लाटतेय," योगिता म्हणाली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. सुमनफुईला तापीकाठी अग्नी देऊन आठवडा झाला होता.

फुई म्हणजे वडिलांची थोरली, विधवा बहीण. आईवडील बमरोलीच्या लूमवर कापड विणायला जात, तेव्हा या दोघा भावंडांना वाढवलं तिनेच. चेतन तर तिचा जीव की प्राण. पण दोघं एकदम घरी अशी क्वचितच असत. सुरतेत योगिताला सुट्टी लागली की नाशकात चेतनचे पेपर यायचे, आणि तो मोकळा होऊन आला की हिचं कॉलेज सुरू. फुई दोन्हीकडच्या कॉलेजांना सारख्याच शिव्या घालायची. यंदाही तेच झालं. योगिताची परीक्षा आटोपली आणि फुई बसल्या जागी गेली. चेतनची परीक्षा तोंडावर होती. मागचा एक विषय राहिलेला, या खेपेला घसरला तर वर्ष पाण्यात.

"पोऱ्याना पेपर हुई जाऊ द्या," वडील सगळ्यांपुढे हात जोडून म्हणाले. "तवलोंग कोनी काही सांगानं नई."

खोटं बोलायचं काम योगिताकडे आलं. घरात रिकामी तीच ना! आधी "झोपलीय" म्हणून ती वेळ मारून नेई. पण एका खोट्याला दुसरं लागतंच. मग फुई देवळात गेली, फुईने शेजारणीशी भांडण उकरलं, फुईला कैऱ्या महाग वाटल्या. नशीब, फोन तिच्याकडे दे, असं चेतन कधी म्हणाला नाही. भरदुपारी खोलीत एकटं थांबणं योगिताच्या जिवावर येऊ लागलं. कोपऱ्यात पोळपाट हलल्यासारखा वाटे. एकदा तिने जेवणाचं ताट जास्तीचं मांडलं, तेव्हा आई घाबरलीच.

"मरेल मानूसले रोज उठाडू नई, पोरी!"

आणि अशातच चेतनचे पेपर तीन आठवडे पुढे ढकलले गेले. मेलेल्या बाईला आणखी तीन आठवडे जगवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

अखेर परीक्षा देऊन चेतन घरी आला. कसं सांगायचं, ते योगिता सकाळपासून घोकत होती. दारातच त्याने टोपी काढली. मुंडण केलेल्या डोक्यावर खुरटे केस उगवले होते.

"तुला... कधी कळलं?"

"त्याच दिवशी. गावाकडच्या वाल्मिकने फुईचा फोटो लावून श्रद्धांजलीचं स्टेटस ठेवलं होतं. दहाव्याला मी गोदावरीवर जाऊन आलो."

"मग रोज मला का विचारायचास रे? मी इथे भीतीने अर्धी झाले!" योगिताला रडू फुटलं.

चेतन भिंतीला टेकून बसला.

"परीक्षा पुढे गेली तेव्हा मी देवाचे आभार मानले, योगे," तो म्हणाला. "पेपर संपले की फुई मरणार होती."