तळपायांची आग

"शाळेचं नाव काढलं की बरे रेवतीचे पाय जळतात," दिगंबर बायकोला म्हणाला. डॉक्टरांना नसांच्या आनुवंशिक आजाराचा संशय होता. त्याला मात्र लेकीचाच संशय येत होता. तिच्या वेदनेच्या गोळ्याही त्यानं कुलपात ठेवल्या होत्या.

तपासणीला तो मुद्दाम मायलेकींसोबत गेला. सोंग उघडं पाडायचंच होतं.

"नेमकं काय होतं गं?" डॉक्टरांनी रेवतीला विचारलं.

"निखाऱ्यांवर उभं राहिल्यासारखं वाटतं. ताप आला की पायांना चादरसुद्धा सोसत नाही."

दिगंबर हसला. "एवढंच ना? हे तर लहानपणापासून सगळ्यांनाच होतं. निमूट सोसायचं असतं."

डॉक्टर त्याच्याकडे बघू लागले. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मला नाही होत हो," ती हळूच म्हणाली.

रेवतीनं त्याचा हात धरला. "बाबा, तुझेपण पाय जळतात?"

त्याला नाही म्हणवेना. "आत्तासुद्धा," तो म्हणाला.