तिघांत एक संच

कडकोळच्या कारखान्यात नागोजीरावांना आरपार नसलेल्या भोकांत तळापर्यंत आटे पाडायचे होते. काम दसऱ्यापर्यंत पुरं होऊन गेलं नाही, तर मेमो त्यांनाच मिळणार होता. आटे पाडायच्या तीन टॅपांचा संच आला, तो नव्या मॅनेजरांनी, शेषगिरींनी, नागोजीरावांसह तिघा फिटरांत एकेक वाटून टाकला.

"सार, पहिला सुरुवात करतो, दुसरा खोल जातो, तिसरा तळ गाठतो. एकाच भोकाला तिन्ही लागतात."

"इथं सगळे सारखे, राव. ज्याचा टॅप त्याच्याच पेटीत. उसनवारी बंद."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पूजेच्या ताटात तिन्ही टॅप पहिल्यांदाच एकत्र आले. नागोजीरावांनी हात पुढे केला.

शेषगिरींनी तो हळूच बाजूला सारला. "अय्यो राव, आज हत्याराला हात लावतात होय?"