चेंगट

"त्या चेंगटला आजच बंद कर," साहेब फोनवर कडाडले. "बाकीचे चौघं तासाभरात काम उरकतात आणि हा दिवसभर रवंथ करत बसतो."

ऑफिसच्या यादीत कोड लिहिणारे पाच एआय एजंट होते आणि ती त्यांची मुकादम. पाचांना एकाच वेळी कामाला जुंपायचं, एकाचं काम दुसऱ्याच्या पायात येऊ द्यायचं नाही, झालेलं तपासायचं, ही तिची घरबसल्या नोकरी. पाचव्याचं 'चेंगट' हे नाव तिनंच पाडलं होतं.

"साहेब, तो विचारून विचारून करतो, म्हणून वेळ लागतो."

"आणि दुपारी एक ते तीन तोंडात गुळणी धरतो, ते? बिघडलाय तो."

"आजचा दिवस राहू दे. मग बघते."

काम एका रुग्णालयाचं होतं. कोणत्या रुग्णाला कोणती गोळी कधी द्यायची, हे नर्सना मोबाइलवर सांगणारं अ‍ॅप. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुरू व्हायचं होतं. चौघांनी आपापले भाग हातावेगळे केले होते, सगळ्या चाचण्याही पार पडल्या होत्या. चेंगटकडे उरली होती फक्त ते भाग एकमेकांत बसवायची जुळणी.

चार वाजता त्याच्या खिडकीत एक ओळ उमटली. 'सकाळची चुकलेली गोळी पहिल्याचा कोड संध्याकाळी देतो, तिसऱ्याचाही देतो. मग माणसाने दोन्ही घ्यायच्या का?'

तिने खोटा रुग्ण घालून पाहिलं. संध्याकाळच्या एका गोळीच्या जागी अ‍ॅपने तीन दाखवल्या: संध्याकाळची एक आणि सकाळची चुकलेली दोनदा.

तिने लगेच साहेबांना फोन लावला.

"दोनशे खाटा आहेत गं तिथे," सगळं ऐकून ते म्हणाले. आवाज पार खाली आला होता. "उद्याचं पुढे ढकलतो. आणि चेंगटला हात लावू नकोस. यापुढे चौघांचं काम त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही. लागू दे लागेल तेवढा वेळ."

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. जन्मभर प्रोग्रॅमिंग करून, पक्षाघातानंतर घरी बसवले गेलेले तिचे वडील डाव्या हाताच्या एका बोटाने चेंगटच्या खिडकीतली पुढची ओळ टाइप करत होते.

"बाबा," ती म्हणाली, "नोकरी पक्की झाली तुमची."