हाडाची गाठ

“इथं दुखतं का आता?” डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी अप्पारावांच्या उजव्या भुवईच्या वर अंगठा दाबला.

“बिलकुल न्हाई. डोकं हाय का न्हाई तेबी कळंना, इतकं हलकं वाटून राह्यलं.”

शेजारी बसलेली सत्यशीला पदराआड हसली. जालन्याच्या या दवाखान्यात नवरा-बायको आता चांगलेच रुळले होते. मागची दोन वर्षं अप्पाराव कपाळ धरून बसायचे. कुणी म्हणालं सर्दी मुरलीय, कुणी म्हणालं चष्म्याचा नंबर वाढलाय. शेवटी नाक-कान-घशाच्या या डॉक्टरांनी स्कॅन काढला आणि भुवईमागच्या पोकळीत चुन्याच्या खड्यासारखी पांढरीशुभ्र गाठ दाखवली. हाडाचीच गाठ, साधी, कॅन्सरची नव्हे. पण तिनं पोकळीचं तोंड पार बुजवलं होतं. नाकातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी ती पोखरून काढली, तेव्हापासून अप्पाराव रोज संध्याकाळी गावात फेरी मारून येत होते.

ते उठायला लागले, तसा डॉक्टरांचा हात त्यांच्या जबड्यावर थांबला. कडेला ज्वारीच्या दाण्यांएवढे टणक उंचवटे बोटाला लागत होते.

“हे कधीपासून?”

“लई जुने हायेत. दाढी करताना लागतेत.”

डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा उजेडासमोर धरला. हाडाच्या अशा गाठी स्वतः काही करत नाहीत, त्या म्हणाल्या. पण एकाच चेहऱ्यात इतक्या असल्या, की कधी कधी आतड्यातही मांसाचे कोंब असतात, आणि ते कोंब मात्र पुढं कॅन्सरचे होऊ शकतात.

त्याच महिन्यात तिथल्याच पोटाच्या डॉक्टरांनी नळीच्या दुर्बिणीनं आतड्याची तपासणी केली. कोंब निघाले, तिथंच काढले, आणि रिपोर्टात साधे ठरले.

“वेळेवर सापडलं,” रिपोर्ट मिटत डॉक्टर ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “पण हे रक्तातून मुलांत उतरतं. तुमच्या रक्ताच्या तपासणीतून पक्कं काही कळलं नाही. म्हणून दोन्ही मुलांच्या आतड्याची तशीच तपासणी करू. पहिल्या वेळी काही निघालं नाही, तरी दर दोन-तीन वर्षांनी करायची. जन्मभर.”

सत्यशीलाचं हसू तिथंच मावळलं.

रविवारी दोन्ही लेकरं घनसावंगीला घरी आली. धाकटा राजानंद जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत होता. त्यानं ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. थोरली भावना टेंभुर्णीच्या शाळेत शिकवायची. तिनं भावाला कोपर मारलं.

“भित्र्या! आदल्या दिवशी औषध प्यायचं, संडासच्या चकरा मारायच्या, झालं. पप्पा, शुक्रवारी आमचं दोघांचं नाव टाका.”

“तुला कशाला?” सत्यशीलाच्या तोंडून निघून गेलं.

“का गं आई? मी काय नदीवर सापडले का?”

भावना हसली, राजानंदही हसला. अप्पारावांनी घाईघाईनं तांब्या तोंडाला लावला.

लेकरं गेल्यावर सत्यशीला ज्वारी निवडायला बसली, पण सुपात नुसताच हात फिरत होता.

“सांगून टाकू का तिला?” अप्पाराव म्हणाले.

“आता? इतकी वर्सं झाल्यावर?”

भावना त्यांच्या पोटची नव्हती. अप्पाराव नांदेडकडं वायरमन असताना, लेकरू होईना म्हणून दोघांनी तिथल्या एका संस्थेतून तिला आणलं होतं, पुरती रांगतही नव्हती तेव्हा. मग बदली मागून ते इकडं आले. इथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. पुढं राजानंद झाला, तरी लाड थोरलीचेच व्हायचे. आज सांगू, उद्या सांगू करता करता ती शहाणी झाली, आणि मग दोघांची छातीच झाली नाही.

“तिच्यात माझं रक्त न्हाई,” अप्पाराव म्हणाले. “मंग त्या पोरीनं जन्मभर ती नळी का सोसायची?”

“आन् सांगितलं तर? आपुन तिला परके झालो तर?”

अप्पारावांनी उठून टोपी घातली.

“राहू दे. मी बघतो बराबर.”

शुक्रवारच्या आत ते एकटेच बस धरून जालन्याला गेले. डॉक्टरांच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगत होते. सांगता सांगता डोळे भरून आले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, की छातीवरून केवढं ओझं उतरलं.

“मॅडम, त्या पोटाच्या डॉक्टरला सांगून राजानंदची तपासणी खरी करा. तिला नुसतं खोटं निजवा अन् सगळं साफ हाय म्हणून सांगा. दर खेपंला तसंच करा. पण आमची पोर हाय, आमचीच राहू द्या.”

डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अप्पाराव, खरं तर हे मी तुम्हाला सांगायला नको,” त्या म्हणाल्या. “काल शाळा सुटल्यावर भावना इथं आली होती. अगदी हेच मागत होती. म्हणाली, मला खोटं खोटं तपासा, मॅडम. पण मला सगळं माहीत आहे, हे माझ्या आई-पप्पांना कधी कळू देऊ नका.”