चौदा नंबरचा वाफा

पाहणी दहा वाजता होती आणि साडेनऊपर्यंत ओरेस्ट प्रोकोपचुकच्या वाफ्यात काहीही उगवलं नव्हतं. उरलेल्या अर्ध्या तासात उगवेल असंही दिसत नव्हतं. तरी तो बघत होता.

विनिपेगच्या त्या सामायिक बागेत चाळीस वाफे. एकोणचाळीस हिरवे. चौदा नंबरच्या वाफ्यात ओरेस्टने मुळा पेरला, बीट पेरलं, बटाटे पुरले. बटाटे तर परत उकरून पाहिले. होते तसेच होते, फक्त जरा नाराज. शेणखत झालं. मासळी धुतलेलं पाणी झालं. समजावून सांगून झालं.

"अरे, निदान तण तरी उगवायला हवं की नाही?" शेजारच्या वाफ्यातली लॉरेन उपड्या बादलीवर बसून थर्मासमधली कॉफी ओतत होती. "माझ्याकडे बघ. नको नको म्हणते तरी येतंय."

"प्लास्टिकचे कोबीचे गड्डे मिळतात का गं कुठे?"

"मिळतात. पण पाहणीला येणाऱ्या थीसेनबाई पान तोडून चावून बघतात."

नियम साधा होता. पंधरा जूनला अर्धा वाफा हिरवा नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. जागा गेली की फाटकाच्या कुलपाचा नवा नंबर सांगत नाहीत. आणि फाटकाबाहेरच्या साऱ्या शहरात ओरेस्टशी बोलणारं कुणी नव्हतं. घरी रेडिओ होता, पण तो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही.

थीसेनबाई दहाला दोन मिनिटं कमी असताना आल्या. हातात पॅड, कानावर पेन्सिल. वाफ्याच्या कडेला थांबल्या. मग चक्क एक गुडघा मातीत टेकून वाकल्या.

"तण? नाही." पेन्सिलीने खूण. "गोगलगायी? नाही. वेल शेजाऱ्याच्या हद्दीत? नाही. पानांवर कीड?" त्यांनी नीट पाहिलं. "नाही."

"बाई, ते बटाटे खरं म्हणजे..."

"मधे बोलू नका, प्रोकोपचुक. माझं चुकतं."

त्या उठल्या. कागद लांब धरून वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदा."

लॉरेनला ठसका लागला. "अहो, पण त्यात पीकच नाहीये!"

"पीक दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर पैकीच्या पैकी पडले तर दुसरं पान उलटायचं नाही, असा नियम आहे. माझ्या आधीच्या बाईंनी केलेला." थीसेनबाईंनी क्षणभर विचार केला. "असं कधी होईल असं त्यांना वाटलं नसावं."

त्यांनी पिशवीतून निळी फीत काढली आणि वाफ्याच्या खुंटीला बांधली. आदर्श वाफा.

"बारा वाजता समिती येईल, फोटो काढेल. मग तीन वर्षं तुम्हाला कुणी हलवत नाही. तोवर वाफा असाच ठेवा. अगदी असाच. एक पान जरी दिसलं तरी मला दुसरं पान उलटावं लागेल."

त्या पुढे गेल्या. पंधरा नंबरवर त्यांना लगेच गोगलगाय सापडली.

"जिंकलास की रे मेल्या!" लॉरेनने दुसरी बादली उपडी केली. "ये, बस. कॉफी घे."

ओरेस्ट हसला. मागे वळता वळता त्याचं लक्ष खाली गेलं. थीसेनबाईंनी गुडघा टेकला होता तिथलं ढेकूळ फुटलं होतं. फटीतून दोन पानं वर आली होती. करंगळीच्या नखाएवढी, हिरवी. मुळा आहे की तण, हे त्याला सांगता आलं नसतं. इतक्या जवळून काही बघायची वेळ आजवर आलीच नव्हती.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. थीसेनबाई सोळा नंबरवर होत्या. त्याने उजवा बूट उचलला आणि पानांवर आणला. टाच टेकवली. चवडा टेकवला नाही.

"अरे ये ना, गार होतेय!"

"इकडेच दे," ओरेस्ट म्हणाला. "मी इथे बरा आहे."

बारा वाजायला पावणेदोन तास होते. त्याची पोटरी आत्ताच थरथरायला लागली होती.