सपत्नीक सत्कार

हुडकेश्वरच्या मैदानावर फुटबॉलची फायनल संपली होती आणि सत्कार सुरू झाले होते. चंद्रभान मंचावर मधल्या खुर्चीत बसला होता. उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय त्याने टेबलाखाली सरळ सोडला होता.

वच्छला गेल्यापासून तो आज पहिल्यांदाच चारचौघांत आला होता. नंदनवन वस्तीतल्या घरातून निघताना, धोंडबाच्या स्कूटरवर बसायच्या आधीच त्याने सांगून ठेवलं होतं, "तिथं कोणी तिचं काढलं तर मी उठून येईन. मले त्यावर बोलता येत नाही."

"कोणी नाही काढत गा. मी सांगून ठेवतो," धोंडबा म्हणाला होता.

त्याला खरंच बोलता येत नव्हतं. नातेवाइकांना फोन मुलाने केले होते. बायको वारली, हे चंद्रभानच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं. दूधवाल्यालाही त्याने काही सांगितलं नव्हतं. दूध पूर्वीइतकंच येत होतं आणि अर्धं नासत होतं.

माईक बंटीच्या हातात होता. बंटी मंडळाचा अध्यक्ष, आणि त्याला खरं म्हणजे माईकची गरज नव्हती.

"आपल्या विदर्भाची शान! कलकत्त्याचं मैदान गाजवणारे, भारताची जर्सी घालणारे, गोलांचा पाऊस पाडणारे आपले चंद्रभान काका!"

मागच्या खुर्चीवरून धोंडबा पुटपुटला, "पाऊस? याचा तर शिंतोडा नाही पडला कधी." धोंडबा जुना गोलकीपर. मागून बोलायची त्याची सवय अजून गेली नव्हती.

चंद्रभान मिडफिल्डला खेळायचा. एकाकडून चेंडू घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा, आणि कोणाचं चुकलं की मागे धावायचं. पेपरात नाव यायचं ते गोल मारणाऱ्याचं. वच्छला म्हणायची, "सारं दुसऱ्यालेच देऊन टाकता. एखादा आपल्यासाठी काहून नाही ठेवत?" तिने त्याचे सामने पाहिले ते शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, तेही कामं आटोपली तर. गुडघा गेला आणि तो कायमचा घरी आला, तेव्हा त्याला तेल चोळायला मात्र तीच होती.

शाल झाली, नारळ झाला. सुटलो, असं चंद्रभानला वाटलं.

"थांबा, थांबा," बंटी म्हणाला. "आपल्या मंडळात एकट्या माणसाचा सत्कार होत नसतो. काका मैदानात पळत होते, तवा घर कोणी सांभाळलं? काकूनं! तर सौभाग्यवती वच्छला काकूंना मी विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं."

टाळ्या पडल्या. बंटीची बायको पिंकी हळदीकुंकवाचं ताट आणि साडी घेऊन पुढे आली. बायका बसल्या होत्या त्या बाजूला सगळ्यांच्या माना वळल्या. कोण उठतं ते लोक पाहू लागले. कोणी उठलं नाही.

चंद्रभानने मागे पाहिलं. धोंडबाचा चेहरा उतरला होता.

"मी बंटीच्या भावाले सांगितलं होतं गा," तो कुजबुजला. "यालेच नाही सांगितलं त्यानं."

"काकू, लाजू नका, या!" बंटी म्हणाला. मग चंद्रभानकडे वळला. "काका, कुठं बसल्या काकू?"

माईक तोंडासमोर आला. उठून जायचं हे तर ठरलेलं होतं. पण गुडघ्यामुळे झटकन उठता येईना. चंद्रभान टेबल धरून कसाबसा उभा राहिला, तोवर सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं.

"नाही आली ती," तो म्हणाला. पुढचं बोलायला त्याने तोंड उघडलं.

"काहून? रुसल्या का?" बंटीने विचारलं. लोक हसले. "तुम्ही अजूनही दिवसभर मैदानावरच राहत असाल, काका. मंग कोणती बाई नाही रुसणार?"

"बरोबर केलं वं बाई तिनं!" बायकांमधून एक म्हातारी ओरडली. "येऊ दे त्याले एकट्यालेच!"

हसू आणखी वाढलं.

चंद्रभान तसाच उभा होता. इतके दिवस जो घरी आला तो हार घातलेल्या फोटोकडे बघून गेला. इथे समोर बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नंदनवनातल्या घरात एक बाई बसली होती. तोंड फुगवून बसली होती, पण बसली होती.

मागून खुर्ची सरकली. धोंडबा उठला आणि त्याने माईककडे हात केला. "बंटी, दे इकडे. ऐक जरा..."

चंद्रभानने त्याच्याकडे न बघता हाताचा पंजा हवेत खाली दाबला. खेळताना कोणी घाई करू लागला की तो असाच थांबवायचा. धोंडबा अर्धवट उठलेला, तसाच राहिला.

"रागावलीच आहे जराशी," चंद्रभान माईकमध्ये म्हणाला.

आवाज पार थकलेला होता. पण नवरे असं बोलताना थकलेलेच असतात, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. लोक पुन्हा हसले, टाळ्या वाजल्या, बंटीने पुढचं नाव पुकारलं.

पिंकीने साडीच्या घडीला हळदीकुंकू लावलं आणि साडी त्याच्या हातात दिली.

"काकूले माझा नमस्कार सांगा," ती म्हणाली. "हिरवा रंग चालन ना त्यायले?"

चंद्रभानने साडीकडे पाहिलं.

"हिरवा नाही आवडत तिले," तो म्हणाला. मग साडी नीट काखेत धरली. "पण नेसन. बोलन मले दोन शब्द, पण नेसन."