फळीवरचा बिल्ला

अग्निशमन दलाचे प्रमुख झाल्यावरची साहेबांची ही पहिलीच आग. "आता बाहेर उभं राहून हुकूम सोडायचे, आत शिरायचं नाही," असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. पण बाहेर उभं राहण्यात एवढी धास्ती असते, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

आत जाताना आपल्या नावाचा बिल्ला बंबाजवळच्या फळीवर टांगायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा, ही दलाची शिस्त. पेटलेल्या गोदामाचं छप्पर वाकू लागलं तसं साहेबांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. जवान खोकत आले आणि आपापले बिल्ले घेऊन गेले.

"साहेब, एक राहिलाय!" बंबाचा ड्रायव्हर ओरडला.

"कोणाचा?"

"काजळी बसलीय, नाव दिसेना!"



"आम्ही बघतो," म्हणत दोन जवान मागे वळले. साहेबांनी होकारार्थी मान हलवली, आणि दोघं धुरात दिसेनासे झाले.

छप्पर कडाडलं, तेव्हा ड्रायव्हर बाहीने बिल्ला पुसत होता.



तो साहेबांचाच होता, बंबातून उतरताच जुन्या सवयीने त्यांनीच टांगलेला.